वेगळं ताट नको, वेगळा रस हवा

नाताळ जवळ आला की आपल्या या पानावर केक, नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोलच्या कृती येतात. मी त्या दरवर्षी आवडीने वाचते, काही कापून वहीतही चिकटवल्या आहेत. पण आता आपल्या बहुतेक घरांत डायबिटीसचं एक तरी माणूस असतं, आणि सणाच्या दिवशी त्या माणसाने काय जेवायचं, हे मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून यंदा मीच लिहायला बसले. मी काही डॉक्टर नाही. पॅरिशच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, आता सत्तरी ओलांडली आहे. जे घरात घडलं तेवढंच सांगते. त्यात माझ्या दोन चुकाही आहेत, त्या झाकत नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचवीस तारखेचं दुपारचं जेवण. मुलगा-सून, लेक-जावई, नातवंडं मिळून आम्ही अकरा जण टेबलाला. मधोमध भाजलेली अख्खी कोंबडी, तिच्यावर गूळ-अननसाचा चकाकणारा रस. आमच्या यांना तेव्हा डायबिटीस होऊन अकरा-बारा वर्षं झाली होती आणि नुकताच साखरेचा रिपोर्ट वाईट आला होता. म्हणून मी त्यांचं ताट वेगळं वाढलं. दोन फुलके, दुधीची भाजी, एक उकडलेलं अंडं. ते काही बोलले नाहीत. मुकाट्याने जेवले आणि सगळ्यांच्या आधी उठून बाहेर पडवीत खुर्चीवर जाऊन बसले. सात वर्षांच्या नातीने मला विचारलं, "आजी, आजोबांना शिक्षा केलीस काय?"

शाळेत मस्ती करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करायचे. त्यांची तोंडं मला त्या क्षणी आठवली. आजारी माणसाची काळजी घेताना आपण त्याला पंक्तीतून उठवतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी ठरवलं, पुढच्या नाताळला टेबलावर एकच जेवण असेल, सगळ्यांना चालेल असं.

ठरवणं सोपं होतं. कारण घोटाळा कोंबडीत नव्हताच, तिच्यावरच्या रसात होता.

ही कोंबडी आमच्या घरात कशी आली ते थोडक्यात सांगते. माझे सासरे कॅसलरॉकला रेल्वेत होते. जोयडा तालुक्यातल्या घाटमाथ्यावरचं हे ठाणं. तिथून खाली मुरगावपर्यंतची रेल्वे 1888 साली सुरू झाली. 1961 पर्यंत गोव्यात पोर्तुगीज होते, त्यामुळे कॅसलरॉक म्हणजे सरहद्दीवरचं स्टेशन. साहेबांचे बंगले, कस्टमची माणसं, गोव्याकडचे खानसामे, सगळा मेळ तिथे होता. बंगल्याच्या स्वयंपाकघरात जे शिजायचं ते हळूहळू क्वार्टर्सच्या चुलीवर उतरलं. तिकडे रोस्टवर साहेबी जॅम चोपडत, आमच्या सासूमायने त्या जागी गूळ आणि अननस आणला. ओव्हन कुठला! तांब्याचा कल्हई केलेला टोप, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. बिबिंक भाजतात तसंच. शेवटच्या पंधरा मिनिटांत तिच्यावर रस चोपडायचा. इंग्रजी पुस्तकात त्याला ग्लेझ म्हणतात, आमच्या घरी नुसता "रस". मायचा तो रस म्हणजे आमच्या घरचा नाताळ.

आता बाईंच्या सवयीने गणित मांडते. कोंबडीच्या मांसात पिष्ट किंवा साखर जवळजवळ नसतेच. भाजलेली कोंबडी कितीही खाल्ली तरी तिच्यामुळे रक्तातली साखर उसळी मारत नाही. पण मायच्या रसात दीडशे ग्रॅम गूळ आणि दोनशे ग्रॅम अननस. गुळाचे साधारण 130 ग्रॅम आणि अननसाचे 26 ग्रॅम कर्ब. सहा माणसांत वाटले तर प्रत्येकी 26 ग्रॅम. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात नुसत्या रसातून साडेसहा चमचे साखर. वर सान्नं, पाव, भात, आणि जेवणानंतर दोदोल. तरी आपण म्हणतो, "आज मटण-कोंबडीच जास्त झाली, म्हणून शुगर वाढली."

हे गणित मला तेव्हा येत नव्हतं, म्हणून पहिली चूक झाली. पुढच्या वर्षी मी गूळ काढला आणि मध घातला. आपल्या जोयड्याच्या रानातला मध, ओळखीच्या माणसाकडून आणलेला, अस्सल. सगळे म्हणत होते, रानातला मध औषधी, डायबिटीसला चालतो. कोंबडी सुरेख दिसली. हे आमच्याबरोबर बसले, आनंदाने जेवले. दोन तासांनी बोटाला सुई टोचून बघितलं तर 318! मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा बघितलं, तोच आकडा.

नंतर एका पुस्तकात पोषणाचा तक्ता वाचला तेव्हा डोळे उघडले. चहाच्या चमचाभर साखरेत चारेक ग्रॅम कर्ब असतात, तेवढ्याच चमचाभर मधात जवळपास सहा. कारण मध जड असतो. गुळात लोह वगैरे थोडं असेल, मधाला सुगंध असेल, पण रक्ताला त्याचं काही नाही. त्याला तिन्ही सारखेच. "नैसर्गिक आहे" हा शब्द ऐकून आपण फसतो. डब्यावर "साखर घातलेली नाही" असं छापलेल्या फळांच्या रसाचंही तेच. साखर कंपनीने घातली नाही, फळानेच घातली आहे.

मग गोड नसलेलं फळ कुठलं? उत्तर परसातच होतं, मला ते दिसत नव्हतं.

माझं माहेर जुन्या सुप्याचं. काळी आणि पांढरी नदीच्या संगमावरचं ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. आमच्यासारख्या उठलेल्या पुष्कळ लोकांना इथे रामनगरला वसवलं, आणि तालुक्याचं ठिकाण जोयड्याला गेलं. माहेरच्या अंगणात भिरंडाचं म्हणजे कोकमाचं मोठं झाड होतं. तेही घराबरोबर बुडालं. पण त्याच्या बियांपासून आईने लावलेलं एक रोप आज आमच्या मागच्या दारी उभं आहे. मे महिन्यात खाली लाल सडा पडतो. पाऊस पडायच्या आत फळं फोडून, साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायच्या, की वर्षभराची सोलं झाली. एका मे महिन्यात साली उन्हात घालताना हाताकडे बघितलं, मनगटापर्यंत जांभळा लाल रंग. म्हटलं, असा रंग कोंबडीवर चढला तर!

लगेच करून बघितलं आणि पार फसलं. सोलांचं पाणी कोंबडीवर ओतलं की ते घसरून खाली टोपात. वर काही टिकेना, चकाकेना, आणि आंबट इतकं की जावई म्हणाला, "मम्मी, ही सोलकढीत पडलेली कोंबडी आहे." खरंच होतं ते. गूळ नुसता गोडीसाठी नसतो, तो रसाला दाटपणा देतो, चिकटवतो, चमक देतो. ते काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं.

ते काम केलं कोंबडीच्या पायांनी. आमच्या यांचे गुडघे दुखतात म्हणून मी अधूनमधून कोंबडीच्या पायांचं सूप करते. दुकानदार ते जवळजवळ फुकट देतो. एकदा उरलेलं सूप फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर भांडं उलटं केलं तरी पडेना, जेलीसारखं घट्ट. पायांच्या कातडीतला आणि सांध्यांतला चिकट अंश पाण्यात उतरतो, त्याचंच ते जिलेटीन. ते प्रथिन आहे, त्यात साखर नाही. आटवलं की बोटांना चिकटतं आणि दिव्याखाली काचेसारखं चमकतं. सोलांचा रस त्यात मिसळला आणि आमचा रस सापडला.

आता कृती. सहा माणसांसाठी.

कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलोची घ्या. आपल्याकडे दुकानदार विचारल्याशिवाय कातडी सोलून देतो. त्याला आधीच सांगा, कातडी हवी, नुसती पिसं काढून द्या. कातडी नसेल तर भाजताना मांस कोरडं होतं आणि रस धरून राहत नाही. गावठी असेल तर पिसं काढल्यावर हळद चोळून जाळावर शेकून घ्या, बारीक लव जाते. आतून-बाहेरून पुसून कोरडी करा. अडीच-तीन चहाचे चमचे मीठ, ताजी कुटलेली मिरी, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या आणि हळद एकत्र वाटून सगळीकडे लावा, मांडीच्या सांध्यात विसरू नका. रात्रभर फ्रीजमध्ये उघडीच ठेवा, कातडी सुकते आणि नंतर छान भाजते.

रात्रीच दहा-बारा पाय, मान आणि पंखांची टोकं एक लिटर पाण्यात घालून अगदी मंद आचेवर अडीच-तीन तास शिजवा. पायांची नखं आणि वरची पिवळी साल आधी गरम पाण्यात बुडवून काढून टाकायची. वाटीभर उरलं की गाळून घ्या. गार झाल्यावर वर तरंगणारं तेल काढून टाका.

पंधराएक सोलं धुवून घ्या. धुणं महत्त्वाचं, कारण सोलांत मीठ असतं आणि डायबिटीसबरोबर बहुधा ब्लडप्रेशरही असतं. बाटलीतलं आगळ वापरलं तर ते आणखी खारट, मग कोंबडीचं मीठ कमी करा. सोलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून गाळा. हे पाणी, पायांचं सूप, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन लवंगा, एका संत्र्याच्या सालीचा वरचा पिवळा भाग किसून, आणि अर्ध्या संत्र्याचा रस, सगळं स्टीलच्या भांड्यात आटवा. अॅल्युमिनियम किंवा लोखंड नको, आंबटाने भांडं खराब होतं आणि रसही. चमच्याला चिकटून राहील इतका दाट झाला की आच बंद करून चमचाभर लोणी घाला. दालचिनी आणि संत्र्याच्या सालीने जिभेला गोडाचा भास होतो, साखर न घालता. या सगळ्या रसात माणशी दोन ग्रॅमच्या वर कर्ब जात नाहीत, असा माझा हिशोब आहे. कुठे 26 आणि कुठे दोन.

आंबटपणा मोडायला चिमूटभर सोडा घालायचा मोह काहींना होतो. तो टाळा. शाळेत मी मुलांना सोलांच्या पाण्याचा प्रयोग दाखवायचे. लिंबू पिळलं की लाल तसंच राहतं, सोडा टाकला की निळसर-हिरवट होतं. प्रयोगाला छान, कोंबडीला नाही.

ब्रॉयलर असेल तर ओव्हनमध्ये 190 अंशांवर तासभर भाजा. गावठी कोंबडी जून असते. ती आधी झाकणाच्या टोपात वाटीभर पाणी घालून तासभर वाफेवर मऊ करायची, मग भाजायची. ओव्हन नसेल तर सासूमायचा टोप आणि झाकणावरचे निखारे. शेवटची वीस मिनिटं राहिली की ब्रशने रस लावा, पाच-सात मिनिटांनी पुन्हा, असे तीन हात. गुळाचा रस पटकन करपतो, हा तसा करपत नाही, हा याचा आणखी एक फायदा. मांडीच्या सांध्यात सुरी खुपसल्यावर बाहेर येणारं पाणी स्वच्छ असलं पाहिजे, गुलाबी नको. काढल्यावर पंधरा मिनिटं तशीच ठेवून मगच कापा.

बरोबर कोबीची आणि फरसबीची फुगाद करा, ओलं खोबरं सढळ हाताने. आपल्या जोयड्याची कंदमुळं प्रसिद्ध, त्यांचा दरवर्षी मेळाही भरतो. मलाही ती फार आवडतात. पण कंद म्हणजे पिष्टच, भातासारखाच. डायबिटीसवाल्याने खायचे तर भाताच्या जागी, भाताच्या वर नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळला ही कोंबडी टेबलावर आली. रंग जांभळट लाल, वर चमक. हे मधल्या खुर्चीवर बसले, सगळ्यांना कापून दिली, स्वतः पोटभर जेवले. मी तर स्वर्गात. भात नाही, पाव नाही, सान्नं नाही. दोन तासांनी साखर बघितली, 112. मी आकडा सगळ्यांना दाखवत घरभर फिरले.

आणि इथेच माझी दुसरी चूक, पहिल्यापेक्षा मोठी.

संध्याकाळी साडेचारला हे पडवीत बसले होते. मी चहा घेऊन गेले तर शर्ट घामाने भिजलेला, डिसेंबरच्या थंडीत. हात थरथरत होते. मुलाला हाक मारली ती आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने. मला वाटलं, हार्ट. सुनेने मात्र आधी मशीन आणलं. 52.

त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होती. ही गोळी शरीरातलं इन्सुलिन वाढवते, तुम्ही काय जेवलात ते ती विचारत नाही. रोज ते दोन वाट्या भात जेवायचे, त्या हिशोबाने गोळी ठरलेली. त्या दिवशी भात मी काढला, पण गोळी नेहमीसारखीच घेतली. वाढलेल्या इन्सुलिनला खाली आणायला साखरच उरली नाही, मग ते खाली, आणखी खाली घेऊन गेलं. जोयड्यातून मोठं हॉस्पिटल गाठायचं म्हणजे बेळगाव नाही तर गोवा. रानातल्या रस्त्याने, संध्याकाळी, सणाच्या दिवशी. ते अंतर त्या क्षणी मला कळलं.

सुनेने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी बघितलं, 81. मग एक सान्न खायला दिलं. हळूहळू घाम थांबला. नातीकडे बघून म्हणाले, "आजीने आज मला शिक्षा नाही केली, तरी साखर मिळालीच." सगळे हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. जी साखर वर्षभर कुलूप लावून ठेवत होते, तिनेच त्यांना वाचवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, जेवण बदललंत ते उत्तम, पण आधी मला सांगायचं." त्यांनी गोळीचं प्रमाण बदललं आणि काही गोष्टी समजावल्या. त्या मी इथे मुद्दाम लिहिते, कारण कृतीपेक्षा त्या महत्त्वाच्या आहेत.

ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांनी भात-पाव एकदम बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावं, औषध कमी करावं लागतं. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका बराच कमी. साखर 70 च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळ, अचानक चिडचिड दिसली, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, कमीच असेल तर पुन्हा द्यावी. ताळ्यावर आलं की थोडं जेवण. अशा वेळी चॉकलेट किंवा केक नको, त्यातल्या तुपाने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावं. आणि ज्यांच्या किडनीवर परिणाम झाला आहे, त्यांनी मांस किती खायचं तेही विचारूनच.

गेल्या नाताळला सगळं नीट झालं. तीच कोंबडी, तोच रस, फुगाद, आणि यांच्यासाठी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे एक छोटं सान्न. तेही वेगळ्या ताटात नव्हतं, सगळ्यांच्याच ताटात सान्नं होती, कुणाच्या एक, कुणाच्या चार. लेकीच्या सासूबाई आल्या होत्या, त्यांनाही डायबिटीस. रस कशाचा, म्हणून त्यांनी तीनदा विचारलं. सोलं आणि कोंबडीचे पाय, म्हटल्यावर त्यांना वाटलं मी थट्टा करते. आमच्या शेजारच्या हिंदू घरीही गणपती-दिवाळीला हाच प्रश्न असतो, फक्त त्यांच्याकडे कोंबडीच्या जागी मोदक आणि करंज्या. शेजारीण म्हणते, मोदकाला काही उपाय सापडला तर सांगा. अजून सापडलेला नाही. ओल्या खोबऱ्यावर प्रयोग चालू आहे.

दोदोल आम्ही अजूनही करतो. गूळ, तांदळाचं पीठ, नारळाचा रस, सगळं तसंच. हे त्यातला सुपारीएवढा तुकडा घेतात, सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या देखत. पूर्वी तेच रात्री चोरून खायचे. माझ्या मते शुगर चोरीनेच जास्त वाढत होती.

वाचकांपैकी कुणाकडे सणाच्या पदार्थाची अशी कमी साखरेची रीत असेल तर या पानावर जरूर लिहा. आमच्या घरी अजून केकचा प्रश्न बाकी आहे, आणि नाताळला फार दिवस राहिले नाहीत.

— एक निवृत्त शिक्षिका,
रामनगर, ता. जोयडा, जि. उत्तर कन्नड